मिठाच्या पाण्यात रक्त धुणारी लेक

प्रश्न : मुलीने दोनदा नीट दिली, तिसऱ्यांदा द्यायला तयार नाही. माझ्या पुतण्याला सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) आहे, त्याला रक्त चढवायला तीच घेऊन जाते. तिथे रक्तपेढीत काय पाहिलं कोण जाणे, आता बीपीएमटी (पॅरामेडिकलची पदवी) करून तिथली टेक्निशियन व्हायचं म्हणते. मिठाच्या पाण्यात रक्त धुवायला आणि मशीनचं बटण दाबायला एवढा क्लासचा पैसा घातला का? ती तुमचं सदर वाचते. यात काही भविष्य नाही, असं तुम्ही लिहिलंत तर ऐकेल. – एक पालक, चंद्रपूर

उत्तर : भाऊ, तुम्ही सल्ला विचारलेलाच नाही, खोटी साक्ष द्यायला बोलावलंय. ती मी देणार नाही. पोरीचे मार्क किती, तिला जीवशास्त्र आवडतं का, दोन वर्षं कशी गेली, यातलं एक अक्षर पत्रात नाही. क्लासच्या पैशाचा हिशेब मात्र आहे. आजारी भावाला दवाखान्यात ती नेते, घरातली मोठी माणसं नाही, हेही तुम्ही सहज लिहून गेलात. मी ते दोनदा वाचलं.

डॉक्टरच व्हायचं असेल तर नीट, एमबीबीएस आणि मग ट्रान्सफ्युजन मेडिसिनमध्ये, म्हणजे रक्त चढवण्याच्या शास्त्रात, एमडी, हा रस्ता आहेच. तिला तो नको आहे.

आता ते मिठाचं पाणी. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त चढवलं की पुढचे काही आठवडे त्याच्या अंगात दोन माणसांच्या लाल पेशी फिरतात, त्याच्या आणि दात्याच्या. गट तपासायला घेतलं तर काही पेशींच्या गुठळ्या होतात, काही सुट्याच राहतात. ए-बी-ओच्या पलीकडच्या आरएच, केल या रक्तगटांचे बारकावे नेमके कुणाचे, कळत नाही. मग नमुना नेहमीच्या ०.९ टक्के सलाइनऐवजी ०.३ टक्के मिठाच्या पाण्याने धुतात. पातळ पाणी पेशीत शिरतं, दात्याच्या पेशी फुगून फुटतात, सिकलच्या तग धरतात. वरचं लाल पाणी ओतायचं, पुन्हा धुवायचं, ते लाल दिसेनासं होईपर्यंत. शेवटी साध्या सलाइनने धुतल्यावर नळीच्या तळाशी जो चिमूटभर साका उरतो, तो तुमच्या पुतण्याचा. त्यावरून त्याला जुळणारी पिशवी निवडता येते. नाही निवडली तर अंगात दात्याच्या पेशींविरुद्ध लढणाऱ्या अँटिबॉडी तयार होऊ शकतात, आणि मग पुढच्या खेपेला रक्त शोधताना सगळ्यांची पळापळ. तुमची लेक हे बघत उभी राहिली असणार. बाकीचे नातेवाईक बाहेर बाकावर मोबाइल बघतात.

सिकल नसलेल्या काही रुग्णांसाठी केसासारख्या बारीक काचनळीत रक्त भरून फिरवतात. रुग्णाच्या स्वतःच्या नव्या पेशी हलक्या, त्या वर येतात, वरचं टोक कापून तेवढंच तपासतात. जनुकीय चाचणीने हे सगळं सोपं होतं, पण ती सगळीकडे कुठे आहे?

बटणाचं म्हणाल तर थंड सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या मशीनमध्ये, समोरासमोरचे कप वजनाने जुळवून ठेवावे लागतात. फिरवून झालेली पिशवी काढताना हात हलला, की प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव) आणि लाल पेशींमधला पांढुरका थर ढवळला जातो. तो हात कुठल्या बटणात येत नाही.

पोरी, तुलाही स्पष्ट सांगते. रात्रपाळी असते, सुरुवातीचा पगार बेताचा, बऱ्याच जागा कंत्राटी. पदवी झाल्यावर थांबू नकोस, एमएस्सीचा विचार ठेव. रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी मुंबईची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणूनच सुरू झाली, आणि सिकलसेलसारख्या आजारांवर काम करणारं तिचं केंद्र तुझ्याच चंद्रपुरात आहे. आधी तिथे जाऊन ये.

कॉलेज निवडताना फोन करून एकच प्रश्न विचार : तुमच्या रक्तपेढीत रक्ताचे घटक वेगळे करतात का, आणि विद्यार्थ्याच्या हाताला ते काम येतं का? नुसतं रक्त गोळा करून द्यायची जागा असेल तर तिथे तीन वर्षं घालवू नकोस.

आणि भाऊ, कॉलेजला हा फोन तिलाच लावू द्या. पुतण्याची पुढची खेप तुम्ही न्या.