धावत्या ट्रेनच्या खिडकीतून फोटो काढताना काचेतलं प्रतिबिंब कसं घालवायचं आणि बाहेरचं दृश्य हलू नये म्हणून काय करायचं?

माझ्या सुरुवातीच्या ट्रेनमधल्या फोटोंत खालच्या बाजूला एक फिकट पांढरा डाग आहे. एखाद्या नव्हे, जवळपास प्रत्येक फोटोत. मी लेन्स पुसली, सेन्सर साफ करून घेतला, आणि बऱ्याच दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की तो डाग म्हणजे माझा शर्ट. तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं सगळ्यात सोपं उत्तर आधी देऊन टाकतो: खिडकीशी बसताना गडद रंगाचे, न चमकणारे कपडे घाला. घड्याळ काढून ठेवा, मांडीवरचा मोबाइल पालथा करा.

प्रतिबिंब दिसणार की नाही, हा सगळा उजेडाचा तोल आहे. काचेचा एक पृष्ठभाग समोरून येणाऱ्या उजेडातला सुमारे ४ टक्के उजेड परत फिरवतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणून ८ टक्के. वातानुकूलित डब्याची दुहेरी काच असेल तर पृष्ठभाग चार, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. भर दुपारी बाहेरचं ऊन लाखभर लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जातं आणि डब्यातला उजेड काहीशे लक्सचा असतो. त्यातले आठ-दहा टक्के बाहेरच्या झळाळीपुढे कुठे दिसणार? प्रतिबिंब असतं, पण बुडालेलं असतं. बाहेर काही काळोखं आलं, दाट झाडी किंवा डोंगराची सावली, की लगेच वर तरंगतं. माझ्या शर्टाची गंमत अशी की त्यावर खिडकीतूनच ऊन पडत होतं. म्हणजे तो काहीशे लक्सवाला राहिलाच नव्हता.

प्रतिबिंब नकोच असेल तर लेन्स आणि काच यांच्यामध्ये उजेड शिरू देऊ नका. लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला अलगद टेकवा, नसेल तर काळं जाकीट किंवा ओढणी लेन्सभोवती धरा. मोबाइल असेल तर तो काचेला जवळजवळ चिकटवायचा आणि हाताच्या ओंजळीने कडा झाकायच्या, एवढं पुरतं. धातूचा किंवा कडक प्लास्टिकचा भाग मात्र काचेला टेकवू नका. डब्याची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. कोपरही खिडकीच्या चौकटीवर नको. आपलं शरीर हा उत्तम शॉक ॲब्सॉर्बर आहे, त्याला काम करू द्या.

लेन्स जवळ नेल्याचा आणखी एक फायदा म्हणजे काचेवरची धूळ आणि ओरखडे इतके धूसर होतात की दिसतच नाहीत. फक्त ऑटोफोकसला ते कळत नाही, तो नेमका एखाद्या वाळलेल्या थेंबावर जाऊन बसतो. मॅन्युअल फोकस करा, किंवा दूरच्या डोंगरावर फोकस धरून मग कुलूप घाला (मोबाइलवर बोट दाबून ठेवलं की बहुतेकदा होतं). आणि जमलं तर ऊन ज्या बाजूने येतंय त्याच्या विरुद्ध बाजूची जागा पकडा. उन्हाच्या बाजूच्या काचेवरचा कण न् कण पेटलेला असतो.

पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा (ध्रुवित) उजेड अडवू शकणारा फिल्टर, घ्यावा का? दुकानदार हमखास विकतो, पण तो काचेकडे सरळ समोर पाहताना काही कामाचा नाही. काचेवरून परतणारा उजेड पूर्ण ध्रुवित होतो तो एका ठरावीक कोनात, काचेच्या लंबापासून साधारण ५६ अंशांवर. म्हणजे तुम्हाला बरंच तिरकं, गाडी जिकडे चालली आहे त्या दिशेला किंवा मागे, पाहावं लागतं. पोलरायझर न लावता तेवढं तिरकं पाहिलंत तर प्रतिबिंब उलट वाढतंच. शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि काच टफन्ड असेल तर तिच्यातल्या ताणाचे गडद ठिपके आणि पट्टे फोटोत उमटतात. मी माझा पोलरायझर ट्रेनमध्ये नेत नाही.

तिरकं पाहण्याचा एक फायदा मात्र खरा आहे आणि तो हलण्याशी संबंधित आहे, म्हणजे तुमच्या दुसऱ्या तक्रारीशी.

समजा गाडी ताशी ९० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. शटर १/५०० सेकंद ठेवलंत तर तेवढ्या वेळात गाडी ५ सेंटिमीटर पुढे सरकते. आता फुल फ्रेम कॅमेरा, ३५ मिमी लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो धरा. रुळापासून ५ मीटरवरचा खांब फोटोत सुमारे ६० पिक्सेल फरपटतो. ५० मीटरवरचं झाड ६ पिक्सेल. अर्ध्या किलोमीटरवरचं घर जेमतेम अर्धा पिक्सेल. शटर तेच, गाडी तीच, लेन्स तीच. फरक फक्त अंतराचा. म्हणून 'ट्रेनमधून कोणतं शटर ठेवू?' या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. दूरचा डोंगर १/२५० लाही नीट येईल आणि रुळालगतचं गवत १/४००० लाही किंचित हललेलंच असेल. जवळचं गोठवायचा हट्ट सोडा. गोठलं तरी ते दिसायला तसं बरं नसतंच, गाडी थांबली असताना काढल्यासारखं वाटतं.

तिरकेपणाचा फायदा तो हा: रुळाशी साधारण ३४ अंश करून पुढे किंवा मागे पाहिलंत, तर रुळापासून तेवढ्याच अंतरावर असलेल्या वस्तूंचा डोळ्यासमोरून सरकण्याचा वेग सरळ समोर पाहण्याच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्यावर येतो. १/५०० मध्ये जमेना ते १/२०० मध्ये जमू लागतं. हा ३४ आणि वरचा ५६ मिळून ९० होतात, म्हणजे पोलरायझरचा कोन आणि हा कोन एकच. पोलरायझरबद्दल एवढी किरकिर केल्यावर हे सांगणं मला भागच होतं.

मोबाइलवाल्यांसाठी दोन गोष्टी. नाइट मोड बंद करा. तो अनेक फोटो एकमेकांवर बसवतो आणि धावत्या दृश्याचा काला करतो. दुसरी, खांब वाकलेले येतात त्याबद्दल. बहुतेक मोबाइलचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर गाडी पुढे गेलेली असते, म्हणून मोबाइल आडवा धरला की जवळचे खांब तिरके पडतात. उभा धरून पाहा. मग खांब सरळ राहतो, फक्त जाड किंवा बारीक होतो. हा दोष मोबाइलच्या फार आधीपासूनचा आहे. जुन्या कॅमेऱ्यांत शटरच्या पडद्यातली फट फिल्मवरून सरकत जायची. लार्तीग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या रेसिंग कारच्या प्रसिद्ध फोटोत चाक लंबवर्तुळाकार होऊन पुढे झुकलंय आणि कडेचे प्रेक्षक मागे झुकलेत, ते यामुळेच. त्या वाकड्या चाकाइतका वेग मला दुसऱ्या कुठल्या फोटोत जाणवलेला नाही, तेव्हा खांब वाकले तर लगेच डिलीट करू नका.

आता पॅनिंग. रस्त्यावर उभं राहून आपण धावत्या गाडीमागे कॅमेरा फिरवतो, इथे आपण धावतो आणि उभ्या माणसावर कॅमेरा धरून ठेवतो. रुळापासून वीस-पंचवीस मीटरवरची एखादी वस्तू निवडा, ती समोर यायच्या आधीपासून तिच्यावर कॅमेरा धरा, कमरेतून वळत राहा, १/३० किंवा १/६० ला तीन-चार फोटो सलग काढा. ती वस्तू स्पष्ट येते, तिच्या अलीकडचं सगळं मागे पळतं आणि पलीकडचं चक्क गाडीबरोबर पुढे सरकतं. तिच्याभोवती सगळा प्रदेश गिरकी घेतोय असं दिसतं. ८ जून १९६८ ला अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट केनेडी यांचं पार्थिव न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेणाऱ्या ट्रेनमधून पॉल फुस्को या छायाचित्रकाराने रुळाच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांचे फोटो काढले. कोडॅक्रोमसारखी मंद फिल्म, आणि दिवस उतरत चाललेला. जसजसा उजेड कमी झाला तसतसं लोकांच्या भोवतालचं सगळं विरत गेलं. मिळतील तेव्हा सगळे एका बैठकीत, क्रमाने पाहा.

इथवर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर झालं. पण प्रतिबिंब घालवू आणि हलणं थांबवू, या नादात मी बरीच वर्षं काढली आणि त्यातून निघाले ते बसमधून, मोटारीतून, कुठूनही काढता आले असते असे फोटो. तुमच्या दोन तक्रारी एकत्र ठेवून बघा. बाहेरचं जग हलतं, कारण ते तुमच्याबरोबर येत नाही. काचेतलं प्रतिबिंब हलत नाही, कारण ते तुमच्याच डब्यात बसून प्रवास करतंय. शटर १/१५ ला आणलंत तर ५ मीटरवरचे दिवे फोटोच्या एक तृतीयांश रुंदीचे फराटे होतील, आणि त्याच फोटोत समोरच्या माणसाचा चष्मा, बोटं, पापण्या स्पष्ट राहतील. असा फोटो ट्रेनमधूनच निघतो.

यासाठी वेळ साधावी लागते. सूर्य मावळल्यावर बाहेरचा उजेड भराभर उतरतो, डब्यातला तसाच राहतो. एका क्षणी काचेवरून परतणारे ते आठ टक्के आणि बाहेरचा उजेड एका पातळीवर येतात. साधारणपणे सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. विषुववृत्ताच्या जवळ हा खेळ पाच-दहा मिनिटांत आटोपतो, उत्तरेकडे बराच लांबतो. त्यानंतर काच म्हणजे नुसता आरसा, दिवे लागलेली गावं सोडली तर बाहेरचं काही येत नाही.

फोकस कुठे करायचा यात बहुतेक जण फसतात. प्रतिबिंब काचेवर नसतं, काचेच्या पलीकडे असतं. माणूस काचेच्या ४० सेंटिमीटर अलीकडे बसला असेल तर त्याचं प्रतिबिंब तेवढंच पलीकडे आहे, आणि तुमचा कॅमेरा काचेपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर फोकस १ मीटरवर हवा. काचेवर फोकस केलात तर फक्त धूळ सुरेख येईल. अशा वेळी ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, शटर १/१० च्या आसपास असं काहीतरी बसतं. बाहेरचं फोकसमध्ये नसेल याची काळजी नको, ते फरपटणारच आहे. फक्त दिव्यांच्या बारीक रेघांऐवजी जाड पट्टे येतात. रेघाच हव्या असतील तर ॲपर्चर बारीक करा, आयएसओ चढवा, दाणा सहन करा. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून त्याला नंतर 'लाँग एक्स्पोजर' लावता येतं, तेही वाईट नाही.

एक फोटो सांगतो. शेजारच्या बाकावरची सात-आठ वर्षांची मुलगी खिडकीला कपाळ टेकून बाहेर बघत होती. कपाळ काचेला लागलेलं, त्यामुळे खरा चेहरा आणि काचेतला चेहरा कपाळाशी जुळलेले आणि दोन्ही जवळजवळ एकाच अंतरावर, म्हणजे एकाच फोकसमध्ये. नाकाखाली श्वासाच्या वाफेचं एक वर्तुळ होतं, मोठं व्हायचं, आक्रसायचं. वाफ असेल तिथे प्रतिबिंब पुसलं जायचं आणि त्याच जागी बाहेरचा दिवा आला की तो कापसासारखा फुलायचा. तिच्या आईला खुणेने विचारलं, तिने मान हलवली. शटर अर्ध्या सेकंदापर्यंत खाली आणलं. त्या फोटोत दिव्यांच्या रेघा सरळ नाहीत, सगळ्या एकसारख्या नागमोडी आहेत, एकाच वेळी वर जाणाऱ्या, एकाच वेळी खाली येणाऱ्या. डबा त्या अर्ध्या सेकंदात जसा उसळला, तसा आलेखच दिव्यांनी काढून दिला. चेहरा मात्र कॅमेऱ्याबरोबरच उसळत होता, म्हणून तो स्थिर आहे. अगदी स्पष्ट नाही. मुलगी श्वास घेत होती.

तिच्यामागे आणखी एक थर होता, तो मला घरी आल्यावर दिसला. डब्याच्या पलीकडच्या बाजूची खिडकी आणि तिच्यातून दिसणारा प्रदेश आपल्या काचेत उमटतो. गंमत म्हणजे काचेत तो उलट्या दिशेने जात नाही, आपल्या बाजूच्या प्रदेशाबरोबर त्याच दिशेला मागे पळतो. उलटी होतात ती फक्त अक्षरं. माझ्या फोटोत मुलीच्या केसांमागून एका स्टेशनची पाटी गेली आहे, आणि ते स्टेशन गाडीच्या दुसऱ्या बाजूला होतं.

दुहेरी काचेच्या डब्यात प्रत्येक चेहरा किंचित सरकून दोन-तीनदा उमटतो. ते नको असेल तर काचेला शक्य तितकं काटकोनात बघा, चेहरे एकमेकांवर बसतात. फ्लॅश बंद आहे ना, तेवढं आधी तपासा. त्या संध्याकाळी पहिला फोटो काढला तेव्हा माझा चालू होता, आणि त्यात माझा शर्ट आला आहे.