अमेरिका उतरली की युद्ध संपतं, मग एफडी मोडू का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी 9 लाखांची एफडी आहे, पहिली फी 2.4 लाख ऑगस्टमध्ये भरायचीय, आणि जून 2025 मध्ये अमेरिकेने 22 तारखेला इराणच्या फोर्डो या अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले नि 24 ला सीझफायर, तर पुढच्या वेळी अमेरिका उतरली की युद्ध संपून क्रूड, म्हणजे कच्चं तेल, स्वस्त होणार असं धरून लगेच एफडी मोडून पेट्रोल विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि महिन्याभरात विकून पैसे परत ठेवायचे. मिस्टरही हो म्हणतायत.

मी नाही म्हणेन, आणि तुम्ही भित्र्या आहात म्हणून नाही.

तेव्हा नेमकं काय झालं ते बघा. 23 जूनला इराणने कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदैद तळावर मिसाइल सोडली, तीही आधी कळवून, म्हणजे इराणला भांडण वाढवायचं नाहीये हे तेलाचा व्यापार करणाऱ्यांना कळलं आणि क्रूड त्याच रात्री सुमारे 7 टक्के पडलं, आपलं शेअर मार्केट तर साडेतीनलाच बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स हजाराच्या वर उडाला आणि बंद होताना राहिले फक्त 158 पॉइंट. सकाळी उत्साहाने घेतलेल्याच्या हातात संध्याकाळी काय आलं? 1991 च्या आखाती युद्धात पण तेच, 17 जानेवारीला अमेरिकेचं इराकवर बॉम्बिंग सुरू झालं आणि तेल त्याच दिवशी तिसऱ्या हिश्श्याने कोसळलं, युद्ध थांबलं 28 फेब्रुवारीला. म्हणजे युद्ध लवकर संपणार हा अंदाज बरोबर निघाला तरी पैसे दुसरंच कोणीतरी आधी नेतं.

आणि अंदाज चुकला तर? कोसोव्होत 1999 ला अमेरिका आणि तिच्या नाटोतल्या मित्रदेशांचं बॉम्बिंग चार दिवसांत आटपेल म्हणत होते, 78 दिवस लागले. इराकच्या युद्धात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुशसाहेब 1 मे 2003 ला जहाजावर उभे राहून मोठी लढाई संपली म्हणाले, सैन्य निघालं डिसेंबर 2011 मध्ये. अफगाणिस्तानात रशियन 1979 ला गेले ते 1989 ला परतले, अमेरिका 20 वर्षं बसली. पटकन संपतं ते हेतू छोटा असेल आणि समोरच्यालाही थांबायचं असेल तेव्हा, आणि पहिल्या दिवशी हे टीव्हीवरच्या जनरलसाहेबांनाही सांगता येत नाही.

मी शहाणा आहे असं समजू नका. मार्च 2022 मध्ये युक्रेनमुळे क्रूड 139 डॉलरला टेकलं तेव्हा अजून वर जाईल म्हणून मीच वायदे बाजारात क्रूडचा एक लॉट घेतला, लॉट म्हणजे 100 बॅरल, आणि दोन दिवसांत लाखाच्या आसपास गेले. बायकोला महिनाभर सांगितलं नव्हतं. पण ते माझे फिरवायचे पैसे होते, कोणाची फी नव्हती.

तुमचं गणित अजून कच्चं आहे, कारण एफडी मुदतीआधी मोडली की बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते, आणि शेअर वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के टॅक्स. हरलात तर ऑगस्टमध्ये कॉलेज फीसाठी तुमची वाट बघत थांबणार नाही.

बँकेत जाऊन एवढं करा: फीचे 2.4 लाख बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीत ठेवा, उरलेल्याच्या तीन एफडी करा, प्रत्येकीची मुदत त्या त्या वर्षीच्या फीच्या पंधरा दिवस आधी संपेल अशी. एसआयपी चालू असेल तर तीही चालू ठेवा. आणि हात शिवशिवतोच म्हणत असाल तर मिस्टरांच्या बोनसमधले 20-25 हजार घ्या, या खात्याला हात लावू नका.