कॅसिओ, कीबोर्ड, सिंथेसायझर : पत्रिकेत नेमकं काय छापायचं?

प्रश्न असा आलाय की ऑर्केस्ट्राच्या पत्रिकेत वादकाच्या नावापुढे "सिंथेसायझर" छापावं की "कीबोर्ड", गावाकडे सगळे सरसकट "कॅसिओ" म्हणतात ते चूक आहे का, याला मराठी शब्द नाही का, आणि काठ्यांनी वाजवायच्या त्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याला ऑक्टापॅड म्हणायचं की ऑक्टोपॅड.

कॅसिओ बोलण्यात अजिबात चूक नाही, झेरॉक्स आणि डालडाचं झालं तेच याचं झालंय. कॅसिओ ही मुळात जपानची कॅल्क्युलेटरवाली कंपनी, वाद्यांत उतरली १९८० मध्ये, कॅसिओटोन २०१ घेऊन, आणि मग छोटे, स्वस्त, सेलवर चालणारे नग आल्यावर ज्या घरात कधी पेटीसुद्धा नव्हती तिथेही ते शिरले. म्हणून समोर यामाहा असला तरी पोरगं "कॅसिओ वाजवतं". फक्त स्टेजवरच्या वादकाला कॅसिओवाला म्हणू नका, त्याला ते पोरांचं खेळणं वाटतं :)

आता खरा मुद्दा. कीबोर्ड आणि सिंथेसायझर हे समानार्थी शब्द नाहीतच. बोटं कशावर पडतात ते सांगतो कीबोर्ड, आणि आवाज कसा तयार होतो ते सांगतो सिंथेसायझर. अस्सल सिंथमध्ये आवाज घडवावा लागतो, म्हणजे ऑसिलेटर कच्ची लहर काढतो, फिल्टर तिच्यातला नको तो भाग छाटतो, आणि आवाज टणकन उठणार की हळूहळू फुगत येणार हे ठरवायला वेगळं सर्किट असतं. याला काळ्यापांढऱ्या पट्ट्या लागतातच असं काही नाही. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह तेरमेनने थेरमिन केलं, ते तर हात न लावता, हवेत हात हलवून वाजवायचं. १९५७ चं आरसीए कंपनीचं खोलीभर पसरलेलं सिंथेसायझर भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालायचं. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूगने सुटे भाग जोडायचा सिंथ आणला आणि त्याला पियानोसारख्या पट्ट्या लावल्या, त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात डॉन बुकला म्हणत होता की पट्ट्या लावल्या की माणूस परत जुनीच गाणी वाजवत बसणार, म्हणून त्याने नुसत्या स्पर्शाच्या पत्र्या दिल्या. बाजारात मूग जिंकला आणि लोकांच्या डोक्यात सिंथ म्हणजे पट्ट्या हे पक्कं बसलं.

उलटही आहेच. १९६३ चं मेलोट्रॉन घ्या, प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, पट्टी दाबली की रेकॉर्ड केलेलं व्हायोलिन नाहीतर बासरी वाजणार. घडवणं वगैरे काही नाही, आधीच भरून ठेवलेला आवाज. आज आपल्याकडे लग्नात, गणपतीत, भजनात जे वाजतं ते बहुतेक याच वंशातलं, फक्त टेपच्या जागी चिप. "सतारीचा टोन लाव" म्हटलं की कुठल्यातरी सतारियाने स्टुडिओत वाजवलेले स्वरच बाहेर पडतात. यामाहाने तर भारतासाठी पीएसआर-आय अशी वेगळी मालिकाच काढली, तबला, तानपुरा सगळं आत. तेव्हा पत्रिकेत "कीबोर्ड" छापा, ते कधीच खोटं पडत नाही. पोस्टरवर "सिंथेसायझर" रुळला तो माझ्या अंदाजाने यामाहा डीएक्स-७ च्या (१९८३) काळात, आणि ते मशीन खरोखरच सिंथ होतं, एका लहरीने दुसरीला हलवून आवाज काढणारं.

आपण या भानगडीत फार उशिरा आलो असं समजू नका. नागिन (१९५४) सिनेमातली ती पुंगी पुंगी नाहीच, कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हायोलिन आहे, व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच स्वर देणारं फ्रेंच वाद्य. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ मध्ये मूगचा सिंथ येऊन बसला होता. आणि मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीच्या मशीनवर राग आणि डिस्को ठेका असं एकत्र केलं, तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही, पुढे पाश्चात्य लोक ऐकून चाट पडले कारण तसंच वाजणारं शिकागोचं ॲसिड हाऊस (नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) त्याच्यानंतरचं.

मराठी शब्द हवाच असेल तर कोशाच्या वळणाने "स्वरसंश्लेषक" करता येईल, पण तो कोणी बोलणार नाही. हार्मोनियमला "संवादिनी" हा किती गोड शब्द आहे, तरी तोंडात पेटीच. वादकांनी त्यांचे शब्द केव्हाच निवडलेत, टोन, रिदम, ट्रान्सपोज. गायिका सूर सांगते काळी पाच, वादक ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि नेहमीच्याच पट्ट्यांवर वाजवतो (जुने पेटीवाले यावर नाक मुरडतात, आणि मला ते पटतं).

पुढे काय टिकेल? मला वाटतं कीबोर्ड हाच शब्द आधी लंगडा पडेल. १९८३ पासून ही वाद्यं एकमेकांशी मिडी या भाषेत बोलतात, आणि त्यात पट्टी किती जोरात दाबली याच्या फक्त १२८ पायऱ्या, शिवाय मींड घ्यायला (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायला) डाव्या हाताचं चाक फिरवलं की त्या चॅनेलवरचे, म्हणजे संदेशाच्या त्या एका वाटेवरचे, सगळे स्वर एकदम घसरतात. २०१८ मध्ये एमपीई ही मिडीचीच सुधारित पद्धत आली, त्यात प्रत्येक स्वराला वेगळा चॅनेल, म्हणजे एक स्वर स्थिर ठेवून दुसऱ्यावर मींड घेता येते. २०२० च्या मिडी २.० मध्ये जोराच्या पायऱ्या ६५,५३६ झाल्या. रोली कंपनीच्या सीबोर्ड या वाद्यावर तर सुट्या कडक पट्ट्याच नाहीत, सलग रबरी पृष्ठभाग आहे, बोट सरकवलं की स्वर सरकतो. आपल्या संगीताला हेच हवं होतं. अशा वाद्याला "पट्टी" हा शब्द कुठवर पुरणार?

हां, ऑक्टापॅड राहिलंच. ऑक्टापॅडच बरोबर, ऑक्टोपसचा संबंध नाही. ऑक्टा म्हणजे आठ, रोलँडचं १९८५ चं पॅड-८ होतं आठ पॅडचं, आणि नाव कंपनीचंच आहे. आता रोलँडच्याच एसपीडी-एसएक्सवर नऊ पॅड असतात तरी लोक त्याला ऑक्टापॅडच म्हणतात, आणि वाजवणारे नुसतं "पॅड" म्हणून मोकळे होतात.