जर्मन येतं म्हणून नर्सिंगला?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.ए. जर्मनच्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅक्सम्युलर भवनची जर्मनची बी-टू (सहापैकी चौथी पातळी) परीक्षा झाली, चारही भागांत 75 च्या वर गुण आहेत. एका एजंटामार्फत जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगची (काम करत शिकण्याच्या प्रशिक्षणाची) जागा मिळते आहे, शिकताना पगारही आहे. एजंट 4 लाख मागतो आणि निर्णय 15 दिवसांत हवा म्हणतो. मुलगी ऐकत नाही, इथेच कंपनीत काम करायचं म्हणते. तीन वर्षं आणि क्लासच्या फिया गेल्या, त्या वसूल तरी व्हाव्यात. पाहुण्यांतली मुलं इंजिनियर होऊन सेटल झाली. तुम्ही तिला समजवा. – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुमच्या मुलीला मी समजावणार नाही. समजावायचं असेल तर तुम्हालाच चार गोष्टी सांगाव्या लागतील, आणि त्या स्पष्ट सांगते.

चारही भागांत 75 च्या वर म्हणजे मुलगी चांगली शिकली आहे. पास व्हायला 60 पुरतात. गुणांची चिंता मला बिलकुल नाही. चिंता आहे ती तुमच्या पत्रात मुलीच्या आवडीनिवडीबद्दल जेमतेम अर्धं वाक्य आहे याची, आणि तेही ‘ऐकत नाही’ला जोडून. तिला आजाऱ्यांची सेवा करायला आवडतं का, रक्त पाहून चक्कर येते का, आजीच्या आजारपणात ती जवळ बसली होती का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. पाहुण्यांची मुलं मात्र आहेत. नर्सिंग हा फार मोलाचा पेशा आहे, म्हणूनच फियांचा हिशेब जुळवायला कुणी तिथे जाऊ नये. ते रुग्णांवरही अन्यायाचं आहे.

नर्सिंगच्या प्रशिक्षणाची तीन वर्षं कशी असतात तेही बघा. साधारण 2,100 तास वर्ग आणि 2,500 तास प्रत्यक्ष काम. 2020 पासून प्रशिक्षण सर्वसमावेशक झालंय, त्यामुळे रुग्णालयाबरोबर वृद्धांच्या निवासात आणि लोकांच्या घरी जाऊनही शुश्रूषा करावी लागते. म्हाताऱ्या माणसाला उचलून कुशीवर वळवायचं, आंघोळ घालायची, डायपर बदलायचा, जखम धुवायची, पाळ्या सांभाळायच्या आणि संध्याकाळी शरीरशास्त्राचा अभ्यास जर्मनमधून करायचा. मोठ्या रुग्णालयांत विद्यावेतन पहिल्या वर्षी महिना 1,400 युरोंहून जास्त असतं, पण त्यातून विमा आणि घरभाडं जातं. ज्या मुलीला हे काम मनापासून हवंय तिला मी आनंदाने पाठवेन. तुमची मुलगी नको म्हणतेय.

आता एजंट. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ‘हे नोकरीत बसत नाही, हे शिक्षण आहे’ असं तो म्हणेल. मग रुग्णालयाचं नाव, प्रशिक्षण-कराराची प्रत आणि पैशांचा तपशील कागदावर मागा. परिचारिकांच्या भरतीसाठी जर्मनीत सरकारी मानचिन्ह आहे. ते घेणाऱ्याला भरतीचा खर्च उमेदवारावर टाकता येत नाही. पंधरा दिवसांची घाई करणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तुमच्या पत्रामागचा एक गैरसमज मला रोज भेटतो : भाषेची पदवी म्हणजे शिक्षक नाहीतर भाषांतरकार, आणि ते जमलं नाही तर पदवी वाया. भाषांतराबद्दल तुमची भीती खरी आहे. डीपएल हे यंत्राने भाषांतर करणारं साधन 2017 मध्ये आलं, त्यानंतरच्या यंत्रांनी साध्या मजकुराचा बाजार खाल्ला. फक्त भाषांतरावर घर चालवायचा सल्ला मी आज कुठल्याही विद्यार्थ्याला देत नाही. पण कंपनी भाषेला पगार देते तो भाषेच्या आडून होणाऱ्या कामासाठी. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातून जर्मनीला माल गेला आणि तिथल्या ग्राहकाने दोष काढला, की ‘एट-डी’ अहवाल मागवला जातो. सदोष माल तात्पुरता कसा अडवला, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे टप्प्याटप्प्याने लिहून द्यायचं. पहिलं उत्तर बहुतेकदा 24 तासांत लागतं. इंजिनियरला दोष कळतो, पण समोरचा अभियंता फोनवर नेमका कशावर अडलाय ते त्याला कळत नाही. ते ऐकून, शॉपफ्लोअरवर जाऊन विचारून, नीट उत्तर पाठवणारा माणूस कंपनी सोडत नाही. खरेदी विभाग, निर्यातीची कागदपत्रं, विम्याचे दावे, जर्मन भाषिक ग्राहकांची बिलं हाताळणारी पुण्यातली कार्यालयं, सगळीकडे हेच. कंपनीत काम करायचं म्हणणारी तुमची मुलगी बरोबर दिशेला बघतेय. फक्त निव्वळ बी-टू घेऊन गेली तर फार खालून सुरुवात होईल.

म्हणून पुढचं वर्ष असं वापरावं. सी-वन, म्हणजे बी-टूच्या पुढची पातळी. त्याच्या जोडीला एक धंद्याचा विषय, तिने स्वतः निवडलेला : आयात-निर्यात, सप्लाय चेन किंवा अकाउंट्स, आणि थोडं एक्सेल आणि सॅप (कंपन्यांचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर). क्लास संध्याकाळचा घेऊन दिवसा कुठल्याही छोट्या निर्यातदाराकडे कमी पगारावर काम धरलं तरी चालेल. पहिल्या वर्षीचा पगार पाहुण्यांना सांगण्यासारखा नसेल, हे आधीच मान्य करा.

एम.ए., नेट, शाळेतली नोकरी हे रस्ते माहीत आहेतच. शाळांच्या भरवशावर मात्र राहू नका, 2014 मध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन काढली तेव्हा शिक्षकांची काय गत झाली ते अनेकांनी पाहिलंय. आणि जर्मनीलाच जायचं असेल तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला शिकवणी शुल्क नाही (बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये भारतीयांना प्रत्येक सत्राला 1,500 युरो पडतात). खर्च राहण्याचा असतो. त्यासाठी त्या 4 लाखांत भर घालायची तयारी असेल तर तिच्याशी बोला, पण निर्णय तिचा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. ‘लिहिणे’ आणि ‘बोलणे’ या भागांचे गुण वेगवेगळे कळवायला सांगा आणि तिला आकडे आवडतात की माणसांशी बोलणं, तेही. त्यावरून अकाउंट्स की ग्राहकांशी थेट संबंध येणारं काम, ते मी तिला सांगेन. ते पत्र तुम्ही आधी वाचायला मागू नका.