साथीच्या काळात परराज्यातल्या मजुरांच्या हक्कांसाठी सामान्य माणसं नेमकं काय करू शकतात?

खिचडी वाटून हक्क मिळत नाहीत, हे आधी सांगते. २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या वाघोलीत निम्म्या सोसायट्या जेवण वाटत होत्या. माझे भावोजी त्यात सगळ्यांत पुढे. लोक उपाशी होते, ते काम गरजेचंच होतं. पण बांधकामावर ठेकेदार आठवड्याला फक्त खर्ची, म्हणजे हातखर्चापुरते पैसे देतो. बाकी मजुरी हजेरीवर चढत राहते आणि गावी जाताना हिशेब होतो. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि ठेकेदारांचे फोन लागेनात. पत्र्याच्या खोलीत अडकलेल्या त्या मुलांचे स्वतःच्या कष्टाचे पैसे दुसऱ्याच्या खिशात होते.

माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे मला हिशेबच सुचला. आम्ही काही जणी लेबर कॅम्पवरच्या बंगालमधल्या मालद्याच्या आणि झारखंडच्या मुलांशी बोललो, त्यांच्या हजेरीच्या डायऱ्यांचे फोटो मागवले. नाव, साइट, मुकादम, रोजचा दर, बाकी. ज्याची डायरी मुकादमाकडेच होती, त्याच्यासाठी सोबत काम करणाऱ्या दोघांची साक्ष लिहून घेतली. यादी बिल्डरला पाठवली. टाळेबंदीतली मजुरी कापू नये, महिनाभर घरभाडं मागू नये, असा केंद्राचा २९ मार्चचा आदेश सोबत जोडला. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे तेव्हा लागू असलेल्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात होतं, तेही लिहिलं. "ही आमची माणसंच नाहीत," असं पहिलं उत्तर आलं. आम्ही कायद्याचं कलम पुन्हा पाठवलं, तेव्हा ठेकेदाराचा फोन सुरू झाला. सगळी नाही, पण बरीच बाकी खात्यांवर जमा झाली.

"माणुसकीच्या कामात तू भांडण घुसवलंस," असं भावोजी आजही म्हणतात. अडकलेल्या मजुरांना मदत करणाऱ्या स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क या गटाने त्याच एप्रिलमध्ये अहवाल काढला होता. त्यांच्याशी बोललेल्या मजुरांपैकी ८९ टक्क्यांना टाळेबंदीत मालकाकडून एक पैसाही मिळाला नव्हता. भावोजी, हातात मजुरी असती तर त्यातले किती जण तुमच्या रांगेत आले असते? ८ मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघाले होते, गावाकडची गाडी पकडायला. मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्यांचं भाडं त्यांच्याकडून घेऊ नका, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ मेला आला. तोवर किती जण चालत गेले होते!

सगळेच ठेकेदार लबाड नसतात. काहींना बिल्डरनेच पैसे दिले नव्हते, म्हणून यादीत वरच्या मालकाचं नाव हवंच. आणि मजुराला विचारल्याशिवाय त्याचं नाव कुठेही देऊ नका, त्याला उद्या त्याच मुकादमाकडे काम मागायचं असतं.

साथ नसताना करायचं काम म्हणजे राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे मजुरांची नोंदणी. राज्याने तेव्हा दिलेले २,००० रुपये फक्त नोंदणी असलेल्यांनाच मिळाले. त्यासाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो द्यायला टाळाटाळ करतो. तुमच्या सोसायटीत काम चालू असेल तर शेवटचं बिल देण्याआधी हे दाखले मागा.