टीसीसीच्या माहितीपुस्तिकेला हात लावण्याआधी

टायनी सी कंपायलरच्या (टीसीसी, म्हणजे सी भाषेतला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम) दस्तऐवजाचं काम घेतलंस, फार बरं वाटलं. आधी एक गोष्ट पक्की कर: मूळ मजकूर एकाच टेकइन्फो फाइलमध्ये (दस्तऐवज लिहायच्या एका पद्धतीतली फाइल) आहे. वेबचं पान आणि टर्मिनलवर वाचायचं मदतीचं पान, म्हणजे मॅन पान, दोन्ही त्यातूनच तयार होतात, म्हणून तयार झालेल्या पानात कधीच दुरुस्ती करू नकोस. पुढच्या बिल्डला, म्हणजे पानं पुन्हा तयार होताना, ती पुसली जाते.

त्या फाइलमध्ये 'मॅन बिगिन' आणि 'मॅन एंड' अशा खुणा टिप्पणीत लिहिलेल्या दिसतील. मॅन पानात फक्त त्या दोहोंमधला मजकूर जातो. मी एकदा नवा पर्याय (टीसीसीच्या आज्ञेसोबत द्यायची सूचना) खुणेच्या बाहेर लिहिला होता. वेबवर छान दिसला, टर्मिनलवर मात्र पत्ताच नाही. तेव्हापासून दोन्ही रूपं उघडून बघितल्याशिवाय मी बदल पाठवत नाही.

पर्यायाचं वर्णन लिहिताना तो स्वतः चालवून बघ. फाइल कंपाइल करून लगेच चालवणाऱ्या 'रन'चंच घे. त्याच्यासोबतच्या सी फाइलनंतर जे लिहिशील ते कंपायलरला नाही, तुझ्या प्रोग्रामला मिळतं. म्हणजे डिबगचा (चुका शोधायला मदत करणारा) 'जी' पर्याय फाइलच्या नंतर लिहिला तर डिबग माहिती तयारच होत नाही, आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. अशा ठिकाणी नुसती व्याख्या पुरत नाही, आज्ञेची पूर्ण ओळ उदाहरणादाखल दे.

आणि हो, 'हेल्प'चा मजकूर सी कोडमध्ये वेगळा लिहिलेला आहे. पर्याय बदलला की तिथेही बदल कर, एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात).