कराटेचे हिरोकाझू कानाझावा हात मोडलेला असताना राष्ट्रीय स्पर्धा जिंकले, हे खरं की नुसती दंतकथा?

खरं आहे. १९५७ च्या ‘ऑल जपान’ स्पर्धेत त्यांनी कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढत, मोडक्या हातानिशी जिंकली. ते माघार घेणार होते, पण खास सामने बघायला आलेली आई म्हणाली, दुसरा हात आणि दोन पाय आहेत ना? मग चांगल्या हाताने अडवायचं आणि पायांनी मारायचं, असं करत ते फायनलपर्यंत गेले. हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय. फक्त ‘ऑल जपान’ या नावावर जाऊ नका: ती जपान कराटे असोसिएशनची, म्हणजे शोतोकान या कराटेच्या एका शैलीतल्या एकाच संघटनेची स्पर्धा होती. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम पुढचं: १९६१ पासून हवाई, मग ब्रिटन-युरोपात शिकवणं आणि १९७८ मध्ये स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना.